पानाबाहेरची नावं

माझी खुर्ची अशी आहे की तिच्यात एकदा बसलं की उठता येत नाही. डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला लॅमिनेशनचं मशीन, पाठीमागे कागदाची रिमं आणि पुढ्यात टेबल. टेबल आणि मशीन यांच्यामधली हातभर फट एवढीच बाहेर पडायची वाट, आणि त्या फटीत गिऱ्हाइकाचं स्टूल. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की मी अडकले. लग्नसराईत मी सकाळी पाणीसुद्धा बेतानं पिते. चौदा वर्षं अशीच बसले आहे, इंदापूरच्या एसटी स्टँडसमोर, रतनआबांच्या दुकानात, लग्नपत्रिका जुळवत.

लग्न दोघांचं असतं, पत्रिका भावकीची असते. नवरा-नवरीच्या नावावरून आजवर माझ्यासमोर कुणी भांडलं नाही. भांडतात ते खालच्या नावांवरून. थोरल्याचं आधी की मानाचं आधी, कुणाच्या नावामागे ‘कै.’ लावायचं राहिलं, कुणाच्या बायकोचं आलं आणि कुणाच्या बायकोचं नाही. कळसचा माणूस येतो, चहा यायच्या आत सांगतो, “धाकट्या चुलत्याचं नाव काढा.” मी काढते. चहा संपायच्या आत त्याचा फोन वाजतो आणि तो म्हणतो, “ऱ्हाऊ द्या ताई, टाका परत. आई रडायली.”

म्हणून पहिल्याच वर्षी मी एक शिकले, की नाव पुसायचं नाही. माउसनं धरायचं आणि पानाबाहेर ओढून ठेवायचं. आम्ही पत्रिका कॉम्प्युटरवर, कोरल नावाच्या प्रोग्रॅममध्ये करतो. त्यात पांढरं पान मधोमध दिसतं आणि भोवती मोकळी जागा असते, घराभोवती अंगण असावं तशी. अंगणात ठेवलेलं छापलं जात नाही, पण फाइल सेव्ह केली की तेही फाइलीत राहतं. परत बोलावलं की ओढून आत घ्यायचं, नवीन टायपायला नको.

पुढे पुढे मी तिथे टिपाही लिहायला लागले. एका घरातलं दुसरं लग्न निघालं की जुनीच फाइल उघडायची, नावं बदलायची, आणि टीप वाचली की चूक होत नाही. ‘दगडाबाई आणि धाकट्या जावेचं नाव एका ओळीत नको, विहिरीवरून वाद.’ ‘थोरल्या जावयाचं नाव विचारल्याशिवाय टाकायचं नाही, लेक नांदत नाही.’ शेळगावच्या फुलाबाई नातीची पत्रिका करायला आल्या, तेव्हा त्यांनी स्टूल पुढे सरकवून माझ्या कानात सांगितलं होतं, “पोरीची आधी एकदा सुपारी मोडलीया गं. ह्या पावण्यांना ठाव न्हाय. जुन्या पत्रिकेचा कागद चुकूनबी त्यांच्या हाती जाऊ देऊ नगंस.” तेही मी पानाबाहेर लिहून ठेवलं.

बायका मला जे सांगत आल्या ते त्यांनी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नसेल. कारण साधं आहे. मी मुलाण्यांची, कुणाच्याच भावकीत नाही. माझ्याकडून बोललेलं कुठे जाणार? मलाही तसंच वाटत होतं.

मला बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी लागली. औषधांची खोकी छापणारा कारखाना आहे. खोक्यांना भावकी नसते, ही गोष्टच मला पगारापेक्षा जास्त आवडली. त्यांची अट एकच होती. मी दहावी पास, कोर्स कुठला केलेला नाही, तेव्हा चौदा वर्षांच्या कामाचा दाखला, दुकानाच्या शिक्क्यासह, शनिवारी चारच्या आत आणून द्यायचा. नाही दिला तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार. माझी चौदा वर्षं आबांच्या शिक्क्याखाली होती, दुसरीकडे कुठे त्यांची नोंद नव्हती.

मंगळवारी मी आबांना सांगितलं. आबा गल्ल्यावर बसून पत्रिकांना घड्या घालत होते. सासर सोडून मी माहेरी आले तेव्हा मला बाविसावं होतं. गावात कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा याच माणसानं मला ही खुर्ची दिली. त्या उपकारापायीच मी इतकी वर्षं ‘जाते’ हा शब्द गिळत आले होते.

“जा की,” आबा म्हणाले. घडी घालायचे थांबले नाहीत. “चांगलं हाय. दाखला देतो. पर फायलींचं काय?”

फायलींचं सोपं होतं. माझा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता, नवीन आला होता, आणि त्यावर बसायला निकिता आधीच आली होती. निकिता कळसची, कोर्स झालेली, स्वभावानं गोड आणि नको तिथे हुशार. तेराशे फायली एकेक करून कोण हलवणार? सगळ्यांची झिप करायची. झिप म्हणजे गाठोडं. तेराशे कपडे दाबून एका चादरीत बांधले की गाठोडं कुठेही न्या, सोडलं की जसेच्या तसे. एक गाठोडं नव्या कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर जपून. तासाचं काम.

आधी निकिताला दाखवावं म्हणून मी एक फाइल उघडून दिली. तिनं पत्रिका पाहिली आणि कीबोर्डवरचं एफ-फोर दाबलं. चौदा वर्षांत ते बटण मी कुणासमोर दाबलं नव्हतं. ते दाबलं की पान लहान होतं आणि फाइलीत जे जे काही आहे ते सगळं पडद्यावर येतं.

“अगं बया,” निकिता म्हणाली. “ताई, भाईर केवढं लिवलंय!”

आणि नेमका तेव्हा तिच्या मागे राजवर्धन उभा होता. आबांचा मुलगा. एरवी तो दुकानात फक्त स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मंजूर करायला येतो. या खेपेला त्याला पंचायत समितीला उभं राहायचं आहे. तो वाकला आणि वाचत राहिला. वाचता वाचता त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जेवणाच्या पंगतीत पाहिलं आहे, जिलबीचं ताट येताना दिसलं की येतं तसं.

“आसिया,” तो म्हणाला, “हे समद्या फायलीत हाय?”

मी हात लांबवून फाइल बंद केली.

“डाळजपासनं शेळगावपर्यंत? कोण कुणावर रुसलंय, कुणाचं कुठं मोडलंय, समदं? अगं, हा तर अख्खा तालुका हाय! मी येड्यावानी पोरं लावलीत माहिती गोळा करायला.” तो स्टुलावर बसला. म्हणजे मी आत अडकले. “हे बघ. झिप कर, पर हाय तशी कर. पासवर्ड घालायचा न्हाय. शनिवारी माझ्यासमोर उघडायची. मला पोरांना पाठवायचीय. झिप हातात पडली की आबा शिक्का मारतील. काय आबा?”

आबा ऐकत होते. ऐकून न ऐकल्यासारखं करणं हा त्यांचा छपाईपेक्षा जुना धंदा. त्यांनी घडीवर नख फिरवलं आणि पुढची पत्रिका घेतली.

“दादा, लोकांनी इश्वासानं सांगितलेलं हाय ते,” मी म्हणाले.

“कुणाला सांगितलं? दुकानाला. कॉम्प्युटर आमचा, लाइट आमची, फायली आमच्या. तुझं त्यात काय हाय?”

माझं त्यात काय होतं? अक्षर न अक्षर माझं होतं. पण ते बोलले असते तर ‘आमच्या फायलीत लिहिलंस कशाला’ हा पुढचा प्रश्न होता. मूर्खपणा माझाच होता. जे डोक्यात ठेवायचं ते मी लिहून ठेवलं, आणि लिहिलेलं आपल्या मालकीचं राहत नाही.

त्या दिवशी घरी जाताना मला पहिल्यांदा फुलाबाईंची नात आठवली. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं, कडेवर पोर आहे. निवडणुकीच्या तोंडावर कुणी टगा तिच्या सासऱ्याला म्हणणार, ‘पाटील, आमच्याकडं या, न्हायतर तुमच्या सुनंचं एक जुनं प्रकरण हाय.’ अशी किती घरं होती? मी दाखला घेतला तर एवढी घरं विकून घेणार होते, नाही घेतला तर त्याच खुर्चीत म्हातारी होणार होते. राहिले तरी फायली तिथेच होत्या, मी नसतानाही एफ-फोर दाबता येतच होतं.

बुधवारी मी एक युक्ती केली. सगळ्या पत्रिकांच्या पीडीएफ करून त्यांची झिप बांधायला घेतली. पीडीएफमध्ये फक्त पान येतं, अंगण येत नाही. पंचवीसेक झाल्या असतील, निकितानं एक उघडून पाहिली आणि निरागसपणे म्हणाली, “ताई, पर ह्यात नावं कशी बदलायची? मूळ फाइलच लागंल की.” राजवर्धन फोनवर बोलत दारात उभा होता. त्यानं तिथूनच माझ्याकडे बोट हलवलं, शाळेतल्या पोराकडे हलवतात तसं. मला इतका राग आला की मी माउस आपटला. निकिता घाबरली. तिचा काही दोष नव्हता, म्हणून आणखी राग आला.

मग एकच मार्ग उरला. फाइल उघडायची, पानाबाहेरचं सगळं निवडायचं, पुसायचं, सेव्ह करायची, बंद करायची. तेराशे वेळा. गुरुवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी ‘ए’पासून सुरुवात केली. फायलींना नवऱ्यामुलाची नावं होती, इंग्रजी अक्षरांत.

निकिता शेजारच्या नव्या कॉम्प्युटरवर होती. तिला दिसत होतं. दुपारी ती हळूच म्हणाली, “ताई, मी दादांना काय बोलले न्हाय.” एवढंच. त्यानंतर आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक तिनं आपल्याकडे घेतलं.

पुसणं अवघड नव्हतं, वाचल्याशिवाय पुसणं अवघड होतं. डोळे आपोआप जायचे. पाच वर्षांपूर्वी ‘नको’ म्हणून बाहेर काढलेला चुलता नंतर गेला, आत यायचा राहिलाच. दोन बहिणी, दोघींची नावं बाहेर, कारण एकीचं घेतलं तर दुसरीचं घ्यावं लागत होतं. मी पुसत गेले. मला वाटायचं मी पत्रिका जुळवते. खरं तर निम्मं काम लोकांना बाहेर काढायचंच केलं होतं.

शुक्रवारी दुपारी माझी नियत फिरली. ‘के’पासून पुढच्या फायली अजून शाबूत होत्या. वाटलं, एवढ्याचं एक गाठोडं आपल्याकडे ठेवावं, पासवर्ड घालून, घरी ट्रंकेत. कशासाठी, तर आठवण म्हणून. राजवर्धननं त्रास दिला तर कुठे कुणाचं काय आहे ते हाती असावं म्हणूनही. हे दुसरं कारण मी स्वतःशी जरा उशिरा कबूल केलं. माझा पेनड्राइव्ह लावला, झिप सुरू केली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. निम्म्यावर आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या पट्टीकडे मी मंगळवारी राजवर्धननं पाहिलं तसंच पाहते आहे. मी ती रद्द केली. अर्धवट बनलेलं गाठोडंही पुसलं.

शनिवारी दहाला मी ‘आर’वर आले आणि राजवर्धनची फाइल उघडली. त्याच्या लग्नाची पत्रिका, सहा वर्षांपूर्वीची, सोनेरी काठाची. पानाबाहेर एकच नाव होतं. ‘सौ. राजेश्वरी.’ ही आबांची थोरली लेक. तिनं मनानं लग्न केलं, जातीबाहेर, आणि घरानं तिचा विषय बंद केला. नावाखाली माझी टीप होती: ‘आबांनी तीनदा टाकायला सांगितलं. दादांनी तीनदा काढायला लावलं.’ माउस नेला होता मी पुसायला. मग वाटलं, हे पुसायचा हक्क माझा नाही. ज्यानं तीनदा आत घ्यायला सांगितलं तो समोर घड्या घालत बसला आहे, त्यानं ठरवावं. थोडा खवचटपणाही होता, खोटं कशाला बोलू. मी ती फाइल तशीच बंद केली.

साडेअकराला ‘डब्ल्यू’ आलं. वाजिद. माझा भाऊ. ही फाइल येणार हे मला गुरुवारपासून माहीत होतं आणि मी ते मनात येऊ देत नव्हते. त्याच्या निकाहची पत्रिका मीच जुळवली होती. निमंत्रकांत अब्बांचं नाव, इकबाल मुलाणी, चुलते, मामा, वाजिदच्या बहिणी म्हणून आमच्या दोघी चुलत बहिणी. अम्मी इथेच स्टुलावर बसली होती. ती मान खाली घालून म्हणाली होती, “तुझं नगं टाकू आसिया. नवीन सोयरे इचारतील, ही घरात का, तर काय सांगायचं? लगीन तेवढं होऊ दे.” मी ‘बरं’ म्हणाले. माउसनं स्वतःचं नाव धरलं आणि बाहेर ओढलं. माझ्या हातानं. तेव्हा मी रडले नव्हते.

आता ते नाव तिथेच होतं, पानाच्या उजवीकडे, जरा तिरकं. एवढ्या घरांचं पुसत आले होते, आता हे. डिलीटवर बोट ठेवलं आणि ते खाली जाईना. मला रडू आलं, लॅमिनेशन मशीनच्या आड तोंड करून मी रडले. मग नाव धरलं आणि आत ओढलं, दोन बहिणींच्या खाली. कुणालाही हलवावं लागलं नाही. ओळ सरळ बसली. पाचशे पत्रिका कधीच्या वाटून झाल्या, त्यातल्या निम्म्यांच्या भजी-वड्यांच्या पुड्या झाल्या असतील, पण फाइलीत मी आत गेले. सेव्ह केली. मग उरलेल्या ‘वाय’-‘झेड’च्या पुसून तेराशे फायलींची झिप केली.

बाराला राजवर्धन आला. स्टुलावर बसला, फट बंद झाली. “उघड निकिता.”

निकितानं झिप उघडली. “कुठली बघू दादा?”

माणूस मतदारयादी उघडू दे नाहीतर झिप, आधी आपलंच नाव शोधतो. “माझीच बघ की,” तो हसत म्हणाला. “एफ-फोर दाब.”

निकितानं दाबलं. सोनेरी काठाची पत्रिका लहान झाली आणि बाहेरचं नाव दिसायला लागलं. त्याच्या खालची ओळ, तिला काय माहीत, तिनं मोठ्यानं वाचली. “आबांनी तीनदा टाकायला सांगितलं. दादांनी तीनदा काढायला...” मग ती थांबली.

घड्या घालायचा आवाज थांबला होता.

“दुसरी उघड,” राजवर्धन म्हणाला. दुसरीत बाहेर काही नव्हतं. तिसरीत, चौथीत, दहावीत नव्हतं. त्याचा चेहरा लाल झाला. “कुठंय समदं? आसिया, कुठं ठिवलंस? घरी नेलंस का?”

“न्हाय दादा. पुसलं.”

“खोटं! कुणी येडं बी पुसणार न्हाय असलं. आबा, दाखला द्यायचा न्हाय हिला. ते आणून देत न्हाय तवर हितंच बसव.”

तो उठेना. मी आत, तो फटीत. माझ्यासमोर स्टँडवर साडेबाराची बारामती लागली, भरली, आणि निघून गेली. ते सगळं मी त्याच्या खांद्यावरून पाहत होते. मला वाटलं, संपलं. इथून आता मी मेल्यावरच निघणार.

आबा गल्ल्यावरून उठले. ड्रॉवर उघडला. आतून एक कागद काढला, घडी घातलेला. टेबलावरून हात लांब करून माझ्या पुढ्यात ठेवला. दाखला होता. आबांच्या हातानं लिहिलेला, शिक्का मारलेला. खाली तारीख मंगळवारची होती.

मंगळवारची! म्हणजे चार दिवस तो ड्रॉवरमध्ये होता. मी तेराशे घरं पुसत होते आणि हा माणूस मुलाला ‘न्हाय’ म्हणायचं धाडस गोळा करत घड्या घालत होता. मला त्यांचा राग आला, आणि त्या रागातच त्यांची कीवही आली. या दुकानात मी एकटीच अडकलेली नव्हते.

“आबा, तुमाला कळतंय का...” राजवर्धन म्हणाला.

“ऊठ,” आबा म्हणाले. “तिला जाऊ दे.”

राजवर्धन जागचा हलला नाही, तेव्हा आबांनी स्टुलाचा पाय धरला. तो उठला. आबांनी स्टूल ओढून दाराबाहेर ठेवलं. मी पिशवी घेतली, दाखला घेतला आणि फटीतून बाहेर आले. एकची बारामती फलाटाला लागत होती.

पायरी उतरताना आबांनी मागून हाक मारली. त्यांची नजर माझ्याकडे नव्हती, पडद्याकडे होती.

“आसिया, ते नाव आत घेतलं तर बसंल का गं? का बाकीची हलवावी लागतील?”

“कुणालाच हलवावं लागत न्हाय आबा,” मी म्हणाले. “तवाबी बसत व्हतं.”

मग मी निकिताला म्हणाले, “घे आत,” आणि रस्ता ओलांडला.